किलोमीटर कापा, गटार कापू नका

प्रति,
महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पातून, जिल्हा नियोजन समित्यांतून आणि जिल्हा परिषदांच्या सभांतून रस्त्यांना पैसा मंजूर करणारे सर्व मंत्री, आमदार व सदस्य. तसेच त्या कामांच्या अंदाजपत्रकांवर सही करणारे सर्व अभियंते यांस,

विषय : रस्त्यांच्या अंदाजपत्रकातून पाण्याच्या निचऱ्याच्या बाबी वगळण्याची पद्धत बंद करण्याबाबत.

महोदय, महोदया,

‘अंदाजपत्रक उपलब्ध निधीच्या मर्यादेत बसवून फेरसादर करावे.’ हा शेरा आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी लिहिला आहे किंवा वाचला आहे. त्यानंतर टेबलावर काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. तीन किलोमीटरच्या कामात दोन्ही बाजूंची गटारे असतात, रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या दोन-तीन नळाच्या मोऱ्या असतात, मुरमाच्या साईडपट्ट्या असतात. पैसा मात्र दोन किलोमीटरचाच असतो. लांबी कमी करता येत नाही, कारण कामाच्या नावातच ‘किमी ०/०० ते ३/००’ छापून आलेले असते आणि तिसऱ्या किलोमीटरवर एक गाव वाट बघत असते. मग सगळ्यात आधी गटार जाते. त्यानंतर तीनपैकी दोन मोऱ्या जातात. शेवटी साईडपट्टीच्या मुरमाच्या जागी ‘स्थानिक उपलब्ध माती’ येते. डांबराला कोणी हात लावत नाही, कारण भूमिपूजनाच्या आणि लोकार्पणाच्या फोटोत तेवढेच दिसते.

त्या खोडलेल्या तीन ओळींसाठी हे पत्र आहे. लिहिणारे आम्ही सगळे याच कामातले आहोत: अंदाजपत्रके करणारे, मोजमापे घेणारे, प्रयोगशाळेत नमुने तपासणारे. आमची घरेही याच रस्त्यांच्या कडेला आहेत, आणि पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांसाठीचा उपकर आम्हीही भरतो. इंधनावरच्या कराचा काही भाग रस्त्यांसाठी वेगळा काढावा ही शिफारस मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीची. तिच्यातूनच १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. त्यामुळे रस्त्याचा हिशेब मागणे ही काही नवी टूम नाही.

आधी गटार का कापू नये, ते सांगतो.

गाडीचे वजन डांबर पेलत नाही. गावरस्त्यावरचा वीस मिलिमीटरचा कार्पेट थर छपरासारखा असतो, पाणी आत जाऊ न देणे एवढेच त्याचे काम. वजन पेलते खालची दाबलेली खडी, तिच्याखालचा मुरूम आणि सर्वांत खालची माती. ही माती कोरडी असते तोवर दगडासारखी वागते, भिजली की लोण्यासारखी. पाणी वरून कमी आणि कडेने जास्त शिरते. शेतातले पाणी रस्त्याच्या कडेला तुंबते आणि दोन-तीन दिवसांत आत झिरपून पायापर्यंत पोहोचते. त्यावरून भरलेली गाडी गेली की अडकलेले पाणी दाबाखाली वर उसळते आणि बारीक माती सोबत घेऊन येते. डांबराखाली पोकळी होते, वर जाळीसारख्या भेगा पडतात आणि पुढच्या पावसात तिथे खड्डा होतो. त्या खड्ड्यात पुन्हा डांबरमिश्रित खडी टाकली तरी खालचे पाणी तसेच राहते. एकाच ठिकाणचा खड्डा दरवर्षी का उघडतो, याला दुसरे कोणतेही गूढ कारण नाही.

यावरचा उपाय महागडाही नाही. तळाशी अर्धा मीटर, वर दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल असे कच्चे गटार धरले तर दर मीटरला अर्धा घनमीटर खोदाई होते. दोन्ही बाजूंनी एक किलोमीटरसाठी हजार घनमीटर. एक पोकलेन हे काम तीन-चार दिवसांत उरकतो. त्या तीन-चार दिवसांची बचत करून आपण सगळा रस्ता पणाला लावतो.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार पेटीत कोंडलेल्या रस्त्यांची. खडी-मुरमाचा सर्वांत खालचा थर, म्हणजे जीएसबी, रस्त्याच्या पूर्ण रुंदीत, साईडपट्टीच्याही खालून थेट भरावाच्या उतारापर्यंत नेला पाहिजे. तरच आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेची डिझाइनची मानकेही हेच सांगतात. प्रत्यक्षात मुरूम वाचवण्यासाठी हा थर डांबराच्या रुंदीएवढाच घातला जातो आणि दोन्ही कडांना शेजारच्या शेतातली काळी माती ओढून लावली जाते. म्हणजे आपण न गळणारा हौद बांधतो, त्यात खडी भरतो आणि वर डांबराचे झाकण घालतो. काळी माती पाणी सोडत नाही. हौद एकदा भरला की दिवाळीपर्यंत भरलेलाच राहतो.

दुसरी तक्रार उताराची. ३.७५ मीटर रुंदीच्या डांबरी गावरस्त्याला मधून कडेला किमान अडीच टक्के उतार हवा, म्हणजे मधली रेषा कडेपेक्षा सुमारे ४७ मिलिमीटर उंच. जेमतेम तीन बोटे. साईडपट्टीला त्याहून अर्धा टक्का जास्त, किमान तीन टक्के. कॅम्बर बोर्ड म्हणजे उतार मोजायची लाकडी फळी आणि पाणसळ एवढ्यावर ही तपासणी दोन मिनिटांत होते. उतार मुळात खडीच्या थरातच द्यावा लागतो. वीस मिलिमीटरच्या कार्पेटमधून तो काढता येत नाही, तरी तसा प्रयत्न होतो आणि कडेचा थर कागदाइतका पातळ राहतो. रस्ता झाल्यावर दोन वर्षांत साईडपट्टीवर गवत वाढते, धूळ साचते, ती डांबरापेक्षा उंच होते आणि पाणी पुन्हा रस्त्यावर थांबते. पूर्वी हे गवत आणि हा गाळ काढायला मैलकुली असायचे. फावडे, घमेले, कुदळ आणि ठरावीक लांबीचा रस्ता एवढीच त्यांची सामग्री. पावसात मोरीचे तोंड मोकळे करायचे, साईडपट्टी खरवडायची, लहान खड्डा लहान असतानाच भरायचा. माणसे निवृत्त होत गेली, जागा भरल्या गेल्या नाहीत. त्यांच्या जागी आता खड्डे भरण्याची निविदा निघते, तीही बहुधा खड्डे मोठे झाल्यावर.

तिसरी तक्रार काळ्या मातीची. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या पट्ट्यात ती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. कडेची माती मधल्यापेक्षा लवकर सुकते, म्हणून रस्त्याच्या कडेने लांबच लांब उभ्या भेगा पडतात आणि पुढच्या पावसाचे पाणी त्यांतूनच आत जाते. अशा मातीची ताकद मोजायची तर नमुना चार दिवस पाण्यात बुडवून सीबीआर (प्रमाण खडीच्या तुलनेत मातीची ताकद, टक्क्यांत) चाचणी करावी लागते. बुडवलेल्या काळ्या मातीचा सीबीआर बहुधा दोन ते चार टक्के येतो. अनेक अंदाजपत्रकांत मात्र शेजारच्या तालुक्यातल्या कामाचा आकडा उचललेला असतो, कारण चाचणीसाठी वेळ नसतो आणि जाडी वाढली तर ‘निधीच्या मर्यादेत’ बसत नाही. यावरचे उपाय जुने आणि सिद्ध आहेत: वरच्या थरात सुमारे तीन टक्के चुना मिसळून माती स्थिर करणे, किंवा काळी माती काढून चांगल्या मुरमाचा थर देणे. रस्त्याच्या पायाची वरची अर्धा मीटर माती प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९७ टक्क्यांपर्यंत दाबली गेली पाहिजे, आणि तसे दाबण्यासाठी मातीत ठरावीक ओलावा लागतो. एप्रिल-मेमध्ये गावाला प्यायला टँकर येतो, तेव्हा रोलरपुढे शिंपडायला पाणी कुठून येणार? कोरडी माती कितीही वेळा रोलर फिरवला तरी दाबली जात नाही. ती वर गुळगुळीत दिसते, आत पोकळ राहते.

यातूनच चौथी तक्रार निघते, कॅलेंडरची. अर्थसंकल्प मार्चमध्ये, प्रशासकीय मान्यता पावसाळ्यात, तांत्रिक मान्यता दिवाळीनंतर, निविदा जानेवारीत आणि कार्यारंभ आदेश मार्चअखेरीस. मग मातीकाम कडक उन्हात आणि डांबर जूनच्या पहिल्या आठवड्यात, ढग डोक्यावर असताना. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरवताना किमान १४० अंश सेल्सिअस हवे आणि रोलिंग ते ९० अंशांच्या खाली उतरण्याआधी संपले पाहिजे. हॉटमिक्स प्लांटपासून पन्नास किलोमीटर घाटातून आलेल्या ताडपत्री नसलेल्या हायवा डंपरमध्ये ते किती उरते, हे काही शे रुपयांचा तापमापक सांगतो. ओल्या पृष्ठभागावर डांबर चिकटत नाही, हे सांगायला तर तापमापकही नको.

पाचवी तक्रार डांबराच्या हिशेबाची. हा हिशेब इतका सोपा आहे की गावातला दहावीचा मुलगाही करू शकेल. वीस मिलिमीटरच्या खुल्या प्रतवारीच्या कार्पेटला दर दहा चौरस मीटरला १४.६ किलो डांबर लागते, वरच्या ‘बी’ प्रकारच्या सीलकोटला ६.८ किलो. ३.७५ मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्ता म्हणजे ३,७५० चौरस मीटर. कार्पेटला सुमारे साडेपाच टन, सीलकोटला सुमारे अडीच टन. एकूण आठ टन, टॅककोट (थर चिकटावा म्हणून खाली फवारायचे डांबर) वेगळा. तीन किलोमीटरच्या कामाला २४ टन डांबराच्या शुद्धीकरण कारखान्याच्या पावत्या असल्याच पाहिजेत, आणि त्या पावत्यांचे क्रमांक दुसऱ्या कोणत्याही कामाच्या बिलाला जोडलेले असता कामा नयेत. ही एक तपासणी संगणकावर बसवायला महिनाभर पुरे.

सहावी तक्रार कमी दराच्या निविदांची. अंदाजपत्रकी दरापेक्षा पंचवीस-तीस टक्के खाली जाऊन काम घेणारा ठेकेदार दानशूर नसतो. दरसूचीतल्या नफ्यापेक्षा जास्त सूट तो देतो तेव्हा ती कुठल्या तरी थरातूनच येते. अशा वेळी अतिरिक्त अनामत घेतली जाते हे आम्हाला माहीत आहे, पण अनामत थराची जाडी मोजत नाही.

सातवी, जड गाड्यांची. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून एक नियम निघाला, तो आजही रस्त्याच्या डिझाइनचा पाया आहे: आसावरचे (ॲक्सलवरचे) वजन वाढले की नुकसान सुमारे त्याच्या चौथ्या घाताने वाढते. प्रमाण आस ८.१६ टनांचा धरतात. त्याच्या दुप्पट वजनाचा एक आस सोळा फेऱ्यांचे नुकसान एका फेरीत करतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वजनात वाढ सुमारे १३ टक्के, नुकसानात सुमारे ६० टक्के. त्यानंतर गावरस्त्यांची जाडी वाढली का? ऊस, वाळू, खडी ही गावाची नेहमीची वाहतूक आहेच. पण मोठ्या महामार्गाच्या भरावासाठी मुरूम वाहणारे हायवा डंपर गावरस्त्यावरून वर्षभर धावतात आणि महामार्ग झाला की गावाकडे चाळण उरते. तो रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च महामार्गाच्याच अंदाजपत्रकात धरायला हवा. तो शोधायला गेलो की बहुधा ‘ठेकेदाराने स्वखर्चाने’ एवढेच वाक्य सापडते.

नळयोजनेसाठी आणि केबलसाठी साईडपट्टी खोदण्याबद्दल थोडक्यात: चर बुजवताना माती पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या थरांत दाबून भरावी लागते. एकदम लोटलेली माती पहिल्या पावसात खचते आणि शेजारचे डांबर सोबत घेऊन जाते. दोन विभागांनी एकमेकांचे वार्षिक आराखडे आधी पाहिले तर हे टळते.

गावांतल्या काँक्रीट रस्त्यांबद्दल थोडे अधिक. जुन्या रस्त्यावरच थर ओतल्याने रस्ता घरांच्या उंबऱ्यापेक्षा वर जातो आणि पाणी ओसरीत शिरते. सांधे वेळेत कापले नाहीत तर काँक्रीट स्वतःच आपले सांधे शोधते, वेडेवाकडे. साधारण साडेचार मीटरवर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीचा काप काँक्रीट घट्ट झाल्यावर काही तासांतच घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी कटर आणून उपयोग नसतो. आणि चौदा दिवस पाणी. ओली पोती दोन दिवसांत उचलून रस्ता खुला केल्याचे फोटो कौतुकाने टाकले जातात, ते पाहून आम्हाला वाईट वाटते.

या सगळ्याच्या मुळाशी पैशाचे दोन खाने आहेत. लेखाशीर्ष ५०५४ म्हणजे भांडवली खर्च, नवे काम. लेखाशीर्ष ३०५४ म्हणजे देखभाल-दुरुस्ती. पहिल्याला फलक असतो, नारळ असतो, नाव असते. दुसऱ्याला यातले काही नाही. म्हणून पुरवणी मागण्यांत पहिला फुगतो आणि दुसरा उरल्यासुरल्यावर जगतो. याचा परिणाम काय होतो ते जागतिक बँकेने १९९४ च्या जागतिक विकास अहवालात आफ्रिकेतल्या रस्त्यांबाबत मांडले होते: आधीच्या दशकात वेळेवरच्या देखभालीला १,२०० कोटी डॉलर दिले असते तर पुनर्बांधणीचे ४,५०० कोटी डॉलर वाचले असते. आपल्याकडे प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने ठेकेदाराच्या करारातच पाच वर्षांची देखभाल घातली. त्या योजनेतही त्रुटी आहेत, पण देखभालीचा पैसा बांधकामाबरोबरच बांधून ठेवण्याची कल्पना बरोबर आहे. ती इतर योजनांत का येत नाही?

दर्जोन्नतीचा एक कागदी खेळही थांबवा. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड १९४३ च्या नागपूर आराखड्यातून आली. ग्रामीण मार्गाला इतर जिल्हा मार्ग म्हटल्याने त्याचा पाया जाड होत नाही. फक्त त्याला विचारणारा विभाग बदलतो, आणि बदलाच्या काळात कोणीच विचारत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

निधी कमी पडला तर लांबी कमी करा. गटार, मोऱ्या, पूर्ण रुंदीचा जीएसबी आणि मुरमाची साईडपट्टी नसलेल्या कोणत्याही अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता देऊ नका. मोरीचा नळ ६०० मिलिमीटरचा नको, १००० मिलिमीटरचा घाला; लहान नळात माणूस शिरून गाळ काढू शकत नाही, म्हणून तो काढलाच जात नाही.

जिल्ह्यातल्या प्रत्येक रस्त्याच्या स्थितीची यादी दरवर्षी पावसाळ्यानंतर करा आणि अर्थसंकल्पाआधी प्रसिद्ध करा. आहे त्या रस्त्यांच्या देखभालीची तरतूद ३०५४ खाली पुरी झाल्यावरच ५०५४ मधली नवी यादी हाती घ्या.

निविदा ऑक्टोबरअखेर उरकून मातीकाम नोव्हेंबर ते जानेवारी, खडीकाम फेब्रुवारी-मार्च आणि डांबर मेच्या मध्यापर्यंत असा क्रम सक्तीचा करा. १५ मेनंतर डांबर टाकायचे असेल तर अधीक्षक अभियंत्याची लेखी कारणांसह परवानगी लागावी आणि ती सर्वांना वाचता यावी.

कामाच्या फलकावर फक्त किंमत आणि ठेकेदाराचे नाव पुरेसे नाही. थरांची जाडी, मातीचा सीबीआर आणि तपासणीची तारीख, गटाराची लांबी, मोऱ्यांची संख्या, डांबराचे एकूण टन आणि दोष दायित्व, म्हणजे ठेकेदाराने स्वतः दुरुस्ती करून देण्याची मुदत, संपण्याची तारीख लिहा. ही शेवटची तारीख लोकांना माहीत नसते, म्हणून दायित्वाच्या काळातला खड्डा सरकारी पैशातून भरला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. डांबराच्या पावत्यांचे क्रमांक आणि रस्त्यातून कोअर (गोल नमुना) कापून मोजलेल्या जाडीचे आकडे कामाच्या नावाने संकेतस्थळावर टाका. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २(ञ) नुसार नागरिकाला कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहेच. अर्ज आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच उघडे ठेवा.

ठेकेदाराची अनामत पाच पावसाळे झाल्यावरच सोडा, आणि सोडण्याआधीची पाहणी पावसात करा.

दर दहा किलोमीटरला कायम नेमलेली देखभालीची टोळी द्या. तिला मैलकुली म्हणा किंवा आणखी काही म्हणा. खड्डा भरायची रीत तिला शिकवा: कडा चौकोनी आणि उभ्या कापणे, ओली-सुटी खडी काढून तळ कोरडा करणे, तळाला आणि कडांना टॅककोट, मग थराथराने मिश्रण भरून धुम्मसाने ठोकणे आणि वरचा थर किंचित उंच ठेवणे. खड्ड्यात पाणी असताना वरून मुरूम ओतणे या कामात बसत नाही.

जबाबदारीचा कायदाही आता आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली. ही रक्कम देण्यापेक्षा पोकलेनचे तीन दिवस स्वस्त पडतात. हे हिशेबापुरते म्हणतो. गेलेल्या माणसाची किंमत आम्ही लावत नाही.

शेवटची विनंती आहे आणि ती खर्चाची नाही. येत्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडेल, तेव्हा आपापल्या मतदारसंघातल्या किंवा उपविभागातल्या नुकत्याच झालेल्या कोणत्याही एका रस्त्यावर अभियंता, सरपंच आणि मोजपट्टी घेऊन अर्धा तास उभे राहा. पाणी कुठे थांबते, किती मीटर लांब आणि किती सेंटीमीटर खोल, मोरीच्या तोंडाशी काय अडकले आहे, एवढेच लिहून घ्या. जुलैअखेर ती नोंद त्या रस्त्याच्या मूळ अंदाजपत्रकासोबत प्रसिद्ध करा. कोणती ओळ खोडली होती ते शेजारीच दिसेल.

आपले,
रस्त्यांची अंदाजपत्रके, मोजमापे आणि चाचण्या करणारे काही स्थापत्य अभियंते व प्रयोगशाळा सहायक